आधी बेणणी, मग लावणी

जुलै आला की मुंबईच्या उपनगरांत झाडं लावायची लगबग सुरू होते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने, मुलुंडच्या डोंगरउतारावर, घाटकोपरच्या टेकडीवर, आरेच्या माळावर शाळा, बँका, कंपन्या आणि मंडळं रोपं घेऊन चढतात. ही प्रथा १९५० सालची. तेव्हा केंद्रात अन्न आणि शेती खातं सांभाळणाऱ्या कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला. अंधेरीत ज्यांच्या भारतीय विद्या भवनाचं मोठं आवार आहे, तेच हे मुनशी. पुढे २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांसाठी महाराष्ट्र सरकारने २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी रोपांची उद्दिष्टं ठेवली. इतक्या वर्षांत मोजायची रीत बदलली नाही. रोपं किती लावली, एवढंच मोजलं जातं.

डोंगरावर काम करणाऱ्याला दुसराच प्रश्न पडतो. रोप जिथे लावलं तिथे आधी काय होतं? ते कोणी काढलं, केव्हा काढलं, आणि मुळासकट काढलं की वरवर छाटलं? कोकणात आंबा-काजूच्या बागेत माजलेलं गवत आणि झुडपं कापायच्या कामाला बेणणी म्हणतात. डोंगराची बेणणी हे लावणीपेक्षा जास्त जाणकारीचं काम आहे, असं मी ठामपणे म्हणेन. रोप कसं लावायचं हे कोणालाही पाच मिनिटांत दाखवता येतं. काय काढायचं आणि काय राखायचं, हे कळायला मात्र तोच उतार निदान सगळ्या ऋतूंत एकेकदा पाहिलेला असावा लागतो.

उपनगरांच्या मधोमध उभी असलेली ही डोंगररांग म्हणजे जुन्या साष्टी बेटाचा कणा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर. त्याच्या पोटात १८६० मध्ये पूर्ण झालेला विहार आणि १८७९ चा तुळशी असे दोन तलाव आहेत, आणि दोन्ही आजही मुंबईला पाणी पाजतात. जंगल दमट पानझडी जातीचं : साग, ऐन, कळंब, हेद, खैर, पळस, कुसुम, काटेसावर, पांगारा, कुडा. त्यांच्या पायथ्याशी करवंदाच्या जाळ्या, मुरुडशेंग, कारवी. जिथे रस्ता निघाला, झाडं तुटली, वणवा फिरला किंवा झोपड्या उठवल्या गेल्या, तिथे उजेड जमिनीपर्यंत पोचला, आणि त्या उजेडावर जी वनस्पती पहिली धावून आली ती घाणेरी.

घाणेरी किंवा टणटणी ओळखीची नाही असा मुंबईकर विरळा. खरखरीत पानं, चोळलं की उग्र वास, खोडावर बारीक काटे आणि पिवळ्या-गुलाबी फुलांचे झुबके. फूल उमलताना पिवळं असतं, नंतर गुलाबी किंवा तांबूस होतं, आणि मधासाठी येणारी फुलपाखरं बहुधा पिवळ्याच फुलांवर उतरतात. मूळची ही मध्य आणि दक्षिण अमेरिकेची. लिनिअसने १७५३ मध्ये तिला लँटाना कामारा हे शास्त्रीय नाव दिलं. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती शोभेचं झाड म्हणून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली. तिथून कुंपणाकुंपणाने ती देशभर पसरली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने देशातल्या व्याघ्रक्षेत्रातल्या जंगलांचा हिशेब मांडला, तेव्हा त्यातल्या ४० टक्क्यांहून जास्त, म्हणजे दीड लाख चौरस किलोमीटरपेक्षा मोठ्या भागावर घाणेरीने पाय रोवलेले आढळले.

तिचं यश कशात आहे ते समजल्याशिवाय कोयता हातात घेऊ नये. एका मोठ्या झुडपाला वर्षात १२,००० पर्यंत फळं धरू शकतात. काळीभोर, गोडसर फळं बुलबुल आवडीने खातात आणि बी रानभर टाकत जातात. पानांत आणि मुळांत अशी द्रव्यं असतात की आसपास दुसऱ्या रोपांचं उगवणं मंदावतं. पानं खाल्लेल्या गुराचं यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलवटते. म्हणून चितळ असो की गाय, सहसा कोणी तिला तोंड लावत नाही. बाकीची कोवळी झाडं चरली जातात, ती तेवढी वाचते. उन्हाळ्यात तिच्या वाळक्या काटक्या वणव्याला जमिनीवरून वर चढायला शिडी देतात. आग ओसरली की भोवतालची कोवळी रोपं मेलेली असतात आणि तिच्या बुंध्यातून नवे धुमारे फुटलेले असतात.

म्हणूनच जाळून ती जात नाही. छाटूनही जात नाही. कोयत्याने गुडघ्याइतक्या उंचीवर तोडली, तर एका खोडाच्या जागी दहा फुटतात आणि पुढच्या दिवाळीपर्यंत जाळी आधीपेक्षा दाट होते. उपनगरांतल्या कित्येक उतारांवर दर वर्षी हेच चालतं. लावणीच्या आठवडाभर आधी माणसं लावून जागा ‘साफ’ करतात, वरून जमीन मोकळी दिसते, फोटो निघतात, आणि ऑगस्टमध्ये रोप शोधून सापडत नाही. किडे सोडूनही हा प्रश्न सुटला नाही. हवाई बेटांवर १९०२ पासून घाणेरीवर परदेशी किडे सोडायला सुरुवात झाली. भारतात १९४१ मध्ये त्यासाठीच आणलेला एक ढेकूणवर्गीय किडा रानात पसरला, तो आजही पानांवर दिसतो, आणि घाणेरी जिथल्या तिथे आहे. तणनाशकाचा विचार इथे करूच नये. या उतारांवर पडलेला पाऊस विहार आणि तुळशीत जातो आणि तिथून आपल्या नळाला येतो.

उपाय सापडला तो अगदी साधा. दिल्ली विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात घाणेरीचं झुडूप बारकाईने पाहिलं. खोड आणि मूळ जिथे मिळतात तो जमिनीलगतचा गाठीसारखा भाग हीच फुटव्याची जागा. त्याच्या खालचं सोटमूळ एकटं पडलं तर त्याला कोंब येत नाही. म्हणून जमिनीच्या पृष्ठभागाखाली काही सेंटीमीटरवर, गाठीच्या खाली मूळ तोडायचं आणि झुडूप वर उचलायचं. एकाने वाकून कुदळीचा घाव घालायचा, दुसऱ्याने फांद्या धरून ओढायचं. सगळी जमीन उकरावी लागत नाही, म्हणून माती हलत नाही, आणि आपल्या उतारांवर हे फार मोलाचं आहे. उपटलेलं झुडूप उलटं करून, मुळं वर आणि शेंडे खाली, दुसऱ्या झुडपावर किंवा दगडावर ठेवायचं. फांदी ओल्या मातीला टेकली तर ती तिथेच मूळ धरते.

मुंबईच्या हवेत या कामाला सगळ्यात चांगला काळ म्हणजे पाऊस उघडल्यानंतरचे दोन-अडीच महिने. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुरूम अजून ओलसर असतो, कुदळ सहज उतरते. जानेवारीनंतर तीच जमीन दगडासारखी होते, घाव वर बसतो, खोड गाठीच्या वर तुटतं आणि सगळी मेहनत फुटव्याच्या कामी येते. फुलं-फळं तिला वर्षाचा बराचसा काळ असतात. म्हणून ज्या झुडपांवर फळं अजून हिरवी आहेत ती आधी घ्यावीत. पिकलेल्या फळांनी लगडलेली जाळी हलवली की बी तिथेच झडतं. ती जागा पुढच्या वर्षी लक्ष ठेवायच्या यादीत जाते. आणखी एक सूचना : हिवाळ्यात खाजकुयलीच्या शेंगा वाळतात. त्यांची लव वाऱ्याबरोबर अंगावर आली तर अख्खी टोळी कामातून जाते. तो वेल दिसला तर त्या दिवशी वाऱ्याची दिशा पाहून काम करावं. आणि जाळीत हात घालण्यापूर्वी काठीने झोडपावं. घोणस, फुरसं आणि नाग या रानात आहेत, आणि सावलीच्या जाळीत बसायला त्यांनाही आवडतं.

हे काम मनाला येईल त्याने करायचं नाही. राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय काडी हलवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. बाहेर, शहरहद्दीतल्या टेकडीवरही झाडाला हात लावायचा तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याची परवानगी लागते. त्यामुळे उत्साही मंडळींनी आधी वनखात्याच्या किंवा महापालिकेच्या उद्यान विभागाच्या दारात जावं. तिथे नकाशा घेऊन, कोणतं झुडूप काढणार आणि कोणतं नाही याची नावानिशी यादी घेऊन गेलेल्यांचं बोलणं जास्त नीट ऐकलं जातं.

आता काय राखायचं त्याबद्दल. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

कारवी पाहा. पावसाळा सोडला तर ती गलिच्छ झुडपांची गर्दी वाटते : माणसाच्या डोक्याच्या वर गेलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या काठ्या, उन्हाळ्यात पानंही नाहीत. रोपं लावायला जागा शोधणाऱ्याच्या डोळ्यांना ती हमखास ‘माजलेलं रान’ दिसते. पण तीव्र उतारावर, जिथे मोठं झाड टिकत नाही, तिथे माती धरून ठेवते ती कारवीच. ती आठ वर्षांतून एकदा फुलते. बोरिवलीच्या डोंगरांत २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये ती फुलली. एकदा फुलली की सगळं रान एकदम वाळतं. आणि मोठी चूक होते ती इथेच. वाळलेल्या काठ्यांवर वाळकी बोंडं असतात, बोंडांत बी असतं, आणि पुढचा पाऊस लागून ती तडकेपर्यंत ते बी तिथेच थांबतं. फुलोऱ्यानंतरच्या हिवाळ्यात कोणी ‘मेलेली कारवी’ कापून जागा साफ केली, तर त्या उतारावरची पुढच्या आठ वर्षांची पिढीच गेली. पाड्यांवरच्या वारल्यांच्या घरांच्या कुडाच्या भिंती याच काठ्यांच्या, वर माती आणि शेणाचा लेप. काठी हवी तर घ्यावी, पण बी पडल्यानंतर.

करवंदाच्या जाळीचंही तसंच. तिच्या काट्यांमुळे ती तोडायचा मोह होतो, पण त्याच काट्यांच्या आत ऐनाचं, कळंबाचं, कुड्याचं रोप गुरांच्या तोंडापासून सुरक्षित वाढत असतं. बोरिवलीच्या शिलोंढ्याच्या वाटेवर किंवा आरेच्या कडेला कुठलीही जुनी करवंदाची जाळी फाकवून पाहावी. आत बहुधा एखादं झाड शेंडा वर काढायच्या तयारीत असतंच.

याहून अवघड आहे ते जे दिसतच नाही. मे महिन्यात हा डोंगर भाजून निघालेला, उघडा वाटतो. त्याच मातीत हातभर खाली शेवळ्याचे कंद असतात. पहिला पाऊस पडला की जूनमध्ये जांभळट कोंब जमिनीतून निघतात, आणि पाड्यांवरच्या बायका ते खुडून बोरिवली-दहिसरच्या बाजारात आणतात. घशाला खाज येऊ नये म्हणून त्या भाजीत काकडाची आंबट फळं घालतात. म्हणजे शेवळं हवी तर काकडाचं झाडही राखावं लागतं. पाठोपाठ टाकळा, कुर्डू, कोळूची भाजी, आणि वेलांचे कंद. मे महिन्यात खड्डे आखणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, म्हणून त्याची पहार नेमकी कंदावर पडते. यावर एकच उपाय आहे : बेणणीच्या आधीच्या पावसाळ्यात तो उतार चालून पाहायचा आणि खुणा करायच्या. राखायच्या रोपांना रंगीत चिंधी बांधायची, कंदांच्या जागी दगडांची छोटी रास करायची. हिवाळ्यात कुदळ घेऊन येणारा माणूस वेगळा असेल, पण खुणा पाहून त्याचा हात थांबेल.

हे सगळं ओळखणारे डोळे उपनगरांतच आहेत. उद्यानातल्या तुमणीपाड्यात, चुनापाड्यात, नवापाड्यात, आरेतल्या केलटीपाड्यात आणि खांबाच्या पाड्यात वारली, मल्हार कोळी, कोकणा कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. झाडं लावायच्या मोहिमांत त्यांना मजुरी मिळते, ती खड्डे खणायची. कुठलं झुडूप राहू द्यायचं हे मात्र त्यांना विचारलं जात नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि कामाच्या दृष्टीने तोट्याचंही. पाड्यावरची आजी पानावरून रोप सांगते, पान नसेल तर सालीवरून सांगते. तिचा दिवसाचा मोबदला खड्डे खणणाऱ्याच्या दुप्पट असायला हवा.

झुडूप कापण्याची रीतही या डोंगरांना नवी नाही. ठाणे जिल्ह्यात उताराच्या हलक्या जमिनीला वरकस म्हणतात. तिच्यावरचं झुडूप कापून नाचणी आणि वरी घ्यायची, काही वर्षांनी ती पडीक सोडून दुसरीकडे जायचं. भाताच्या रोपांसाठी खाली राब भाजायचा : ऐनाचे डहाळे, पाला, शेण, गवत यांचे थर रचून वाफ्यावर मंद जाळायचे, म्हणजे तणाचं बी मरतं आणि राख खत होते. १८७८ च्या वन कायद्यानंतर सरकारने डहाळे तोडण्यावर बंधनं आणली तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष झाला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राबाची आग एका वाफ्यापुरती असते, माणूस शेजारी बसून तिच्यावर नजर ठेवतो. मार्च-एप्रिलमध्ये गवताळ उतारावर कोणी टाकलेल्या विडीने लागणारी आग वेगळी. ३ डिसेंबर २०१८ रोजी गोरेगाव पूर्वेला दिंडोशीजवळच्या डोंगरावर पेटलेला वणवा संध्याकाळी उपनगरांच्या गच्च्यांवरून दिसत होता. म्हणून आज उपटलेल्या घाणेरीचा ढीग डोंगरावर पेटवायला जागा नाही, मग तो कितीही अडचणीचा असो.

मग ढिगाचं करायचं काय? काही भाग तिथेच, समपातळीच्या रेषेत आडवा रचायचा, त्याबद्दल पुढे सांगतो. बाकीच्याचा उपयोग आहे. कर्नाटकातल्या मलई महादेश्वराच्या डोंगरात सोलिगा लोक अशोका ट्रस्ट या संशोधन संस्थेच्या मदतीने घाणेरीच्या काठ्यांचं वेताच्या तोडीचं सामान बनवायला शिकले. निलगिरीच्या बाजूला गुडलूरच्या आदिवासी कारागिरांनी घाणेरीचे खऱ्या मापाचे हत्ती विणले. ते २०२१ मध्ये लंडनच्या बागांत उभे राहिले. खुर्ची-टोपली विकत घेणारं गिऱ्हाईक मुंबईत दाराशी आहे, इतकं की मला या दोन्ही ठिकाणांचा हेवा वाटतो.

आता उताराकडे येऊ. झुडूप काढणं म्हणजे मातीवरचं छप्पर काढणं. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस मोजला जातो. २६ जुलै २००५ ला तर २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. त्याच दिवशी अंधेरीजवळ साकीनाक्याला डोंगराचा कडा वस्तीवर आला आणि सत्तरच्या आसपास माणसं गेली. त्याआधी १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळून साठहून जास्त जण दगावले होते. १८ जुलै २०२१ च्या पहाटे विक्रोळी आणि चेंबूरला पुन्हा तेच. या दरडींना पायथ्याची खोदाई, भिंतींची अवस्था, तुंबलेलं पाणी अशी पुष्कळ कारणं असतात, आणि झुडूप निघणं हे त्यांतलं एक. पण बेणणी करणाऱ्याने ही नावं डोक्यात ठेवूनच आखणी करावी. वस्तीच्या थेट वरच्या उतारावर झाडोरा काढायचा असेल, तर आधी भूवैज्ञानिकाला विचारावं. तो नको म्हणाला तर तिथली घाणेरीही राहू द्यावी.

इतर उतारांवर पट्ट्यांनी काम करतात. समपातळीची रेषा आखायची. त्यासाठी तीन बांबूंची ए आकाराची चौकट आणि मधून सोडलेला ओळंबा पुरतो. एक पट्टा मोकळा करायचा, त्याच्या खालचा तसाच ठेवायचा. उपटलेली घाणेरी, मुळं पूर्ण वाळल्यावर, मोकळ्या पट्ट्याच्या खालच्या कडेला जुन्या बुंध्यांना अडकवून आडवी रचायची. पहिल्या सरीत वाहून आलेली माती तिथे अडते, आणि वर्षा-दोन वर्षांत ती कुजून जाते. राखलेला पट्टा तीन वर्षांनी घ्यायचा, तोवर वरची रोपं माती धरू लागलेली असतात. अशा तुकड्या-तुकड्यांच्या कामाचा दुसरा फायदा जनावरांना. घाणेरी परकी असली तरी ससा, मुंगूस, रानकोंबडी आणि बिबट्यासुद्धा तिच्या आडोशाला सरावलेला आहे. सगळा आडोसा एका हंगामात काढला, तर बिबट्या आडोसा शोधत वस्तीकडे येणार.

सलग समतल चरांबद्दल, म्हणजे समपातळीवर खणलेल्या लांब चरांबद्दल, वेगळं सांगायला हवं, कारण हिवरे बाजार या गावाने पाणी अडवून मिळवलेल्या यशामुळे ते राज्यभर पोचले. त्या गावात वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटरच्या आतबाहेर. तिथे डोंगरावर पडलेला प्रत्येक थेंब अडवायलाच हवा होता. आपल्या डोंगरांत पाऊस त्याच्या पाच-सहा पट, मुरमाचा थर पातळ आणि खाली ज्वालामुखीचा खडक. तीव्र उतारावर खोल चर मारून त्यात पाणी साठवलं, तर ते मुरमात मुरतं, खडकावर थांबतं आणि वरचा थर सैल होतो. इथे पाण्याला थांबवण्याऐवजी सावकाश खाली जायची वाट द्यावी लागते. रोपाच्या वरच्या अंगाला छोटे अर्धचंद्राकृती आळे, ओहोळात ठिकठिकाणी रचलेले दगडी बांध आणि गवत, एवढं पुरतं. चर हवेच असतील तर ते मंद उतारावर, उथळ आणि तुटक घ्यावेत.

लावणीचं बाकी तंत्र वनखात्याच्या कामावरच्या कोणालाही पाठ असतं : एप्रिल-मेमध्ये ४५ सेंटीमीटरचे खड्डे, वरची आणि खालची माती वेगळी काढून ठेवायची, खड्डे उन्हात तापू द्यायचे, मृगाचा पाऊस नीट बसला की वरची माती आधी भरून रोप लावायचं. यावर मी जास्त लिहीत नाही. जातींची निवड मात्र दोनदा तपासावी. सत्तरच्या दशकात उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने चारा आणि सरपणासाठी सुबाभळीचा प्रसार केला, तेव्हा हेतू चांगला होता आणि शेतावर तिचा उपयोगही झाला. रानात मोकळी सुटल्यावर ती आता उपनगरांतल्या टेकड्यांवर घाणेरीइतकीच डोकेदुखी आहे. गिरीपुष्पाचंही तसंच झालं. लवकर हिरवं दिसणारं झाड निवडलं की पुढच्या पिढीला पुन्हा बेणणी करावी लागते.

आणि निवड करण्याआधी मोजणी. घाणेरी निघाल्यानंतर पट्टा एक पावसाळा तसाच राहू द्यावा, असा माझा आग्रह आहे. उद्दिष्टांच्या घाईत असलेल्यांना हे पटत नाही. पण जुन्या पळसाच्या आणि ऐनाच्या बुंध्यांना धुमारे फुटतात, सागाचे कोंब येतात, पक्ष्यांनी टाकलेल्या उंबराचं बी रुजतं. गेल्या शंभर वर्षांत जे रान तुटलं त्याची मुळं बऱ्याच जागी अजून जिवंत आहेत, त्यांना फक्त उजेड मिळत नव्हता. सप्टेंबरअखेर पट्ट्यातली ही आपोआप आलेली रोपं मोजायची. जिथे ती पुरेशी आहेत तिथे एकही खड्डा मारायचा नाही, फक्त भोवतीचं तण काढायचं. जिथे अजिबात नाहीत, तेवढ्याच जागी बाहेरून आणलेली रोपं लावायची, तीही आसपासच्या रानातून गोळा केलेल्या बियांची : मोह, कुसुम, काकड, तामण, बहावा, धामण. रोपवाटिकेला त्यासाठी वर्षभर आधी कळवावं लागतं, कारण बाजारात ही रोपं आयत्या वेळी मिळत नाहीत. पेल्टोफोरम आणि गुलमोहर मात्र मिळतात, आणि मग तेच डोंगरावर जातात.

पैशांची आखणीही याप्रमाणे बदलावी लागते. सध्याच्या बहुतेक देणग्या रोपामागे इतके रुपये अशा हिशेबाने येतात आणि जुलैतच संपतात. घाणेरीचं जमिनीत पडून असलेलं बी मात्र पहिल्या तीन पावसाळ्यांत लाटालाटांनी उगवतं. हातभर उंचीची रोपं ओल्या मातीतून दोन बोटांनी उपटली जातात. तीच एक वर्ष राहिली तर कुदळ लागते. म्हणून जुलैअखेर एक आणि सप्टेंबरात एक अशा दोन खुरपण्या, तीन वर्षं, हा खर्च लावणीच्या आधीच बाजूला काढून ठेवावा. तो निघत नसेल तर क्षेत्र कमी करावं : दहा एकरांऐवजी दोन एकर. चौथ्या वर्षी त्या दोन एकरांत घाणेरीची नवी रोपं तुरळक दिसू लागली की तीच टोळी, त्याच कुदळी घेऊन, शेजारच्या राखलेल्या पट्ट्यात न्यावी.